पेशीच्या बांधावरची दारं

‘अण्णा दारं धरायला गेल्यात’ असं आमच्या कोल्हापूरकडच्या शिरोळात कुणी सांगितलं, तर ऐकणारा घराच्या दाराकडे बघत नाही, रानाकडे बघतो. उसाला पाणी पाजताना पाणक्या पाटाच्या बांधातली माती खोऱ्यानं ओढतो, सरीचं तोंड मोकळं होतं, पाणी आत शिरतं. सरी शेवटाला पोचली की तीच माती परत लावायची आणि पुढच्या सरीचं दार मोडायचं. शेतीची वीज बऱ्याचदा रात्रीची, म्हणून हे सगळं बॅटरीच्या उजेडात, पोटरीपर्यंत चिखलात. पाणक्याला डुलकी लागली तर दार उघडंच राहतं. सकाळी बघावं तर शेजाऱ्याचं रानही तुडुंब, आणि पुढचा कार्यक्रम शिव्यांचा.

कॅन्सरच्या पेशीत नेमकं काय बिघडतं हे मी बरीच वर्षं पुस्तकांतून वाचत होतो. कळलं ते या दारांमुळे. शरीरातल्या पेशीच्या पातळ आवरणात काही प्रथिनं रोवलेली असतात, अर्धी बाहेर, अर्धी आत. शास्त्रज्ञ त्यांना रिसेप्टर म्हणतात. बाहेरून वाढीचा निरोप घेऊन एखादं छोटं प्रथिन येतं, या दाराला लागतं, आणि आत हुकूम सुटतो: वाढ, दोनाची चार हो. काम झालं की पेशी ते दार आत ओढून घेते. निरोगी शरीर म्हणजे रात्रभर जागा असलेला पाणक्या. दार लावायचं राहून गेलं की कॅन्सरला वाट मिळते.

हे दार सापडलं कसं, त्याची गोष्ट साठ-सत्तर वर्षांची आहे. ती सांगताना बहुतेक जण सेंट लुईस, नॅशव्हिल, लंडन अशी नावं घेतात. मी परळपासून सुरुवात करतो.

२८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळला टाटा मेमोरियल हॉस्पिटल सुरू झालं. तिथल्या प्रयोगशाळांची सूत्रं होती डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्याकडे. लंडनला शिकून आलेला हा विकृतिशास्त्रज्ञ कॅन्सरची गाठ चिरून बघताना तिच्या मालकाच्या सवयीही विचारायचा. १९४५ साली त्यांनी सूर्याबाई या सहकारी संशोधिकेबरोबर एक निबंध प्रसिद्ध केला. त्यात भारतातल्या रीतीभातींतून येणाऱ्या कॅन्सरचे नवे प्रकार मांडले होते. वर्षानुवर्षं धोतर कंबरेला एकाच जागी आवळून बांधणाऱ्यांच्या कातडीवर तिथेच होणारा कॅन्सर त्यांनी नोंदवला, आणि खालच्या ओठाच्या आत चुना-तंबाखूची चिमूट धरून ठेवणाऱ्यांना त्याच जागी होणाराही. जिथे रोज घासलं जातं, जिथे रोज जाळलं जातं, तिथेच पेशी बिथरते. पण बिथरते म्हणजे आत काय होतं? तेव्हा ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

खानोलकरांच्या हाताखाली आलेली एक मुलगी पुण्याची होती. कमल समर्थ, जन्म ८ नोव्हेंबर १९१७, शाळा हुजूरपागा, वडील फर्ग्युसनमध्ये जीवशास्त्राचे प्राध्यापक. मुलीनं डॉक्टर व्हावं ही वडिलांची इच्छा, तर मुलीनं पुण्याच्या शेतकी कॉलेजात सीताफळाच्या कुळातल्या झाडांची गुणसूत्रं मोजत एम.एस्सी. केलं. लग्नानंतर त्या कमल रणदिवे झाल्या, मुंबईला आल्या, आणि झाडांच्या पेशी सोडून उंदरांच्या पेशींकडे वळल्या. १९४९ साली त्यांना मुंबई विद्यापीठाची पीएच.डी. मिळाली.

त्यांचा विषय स्तनाचा कॅन्सर. उंदरांच्या काही वंशांत तो पिढ्यान् पिढ्या येतो. जॉन बिटनर या अमेरिकन शास्त्रज्ञानं १९३६ साली दाखवलं होतं की अशा वंशातली पिल्लं जन्मताच दुसऱ्या आईच्या दुधावर वाढवली तर त्यांच्यात कॅन्सर कमी होतो. म्हणजे दुधातून काहीतरी जातं. ते ‘काहीतरी’ म्हणजे एक विषाणू निघाला. रणदिवेबाईंनी हा विषाणू, संप्रेरकं आणि आनुवंशिकता यांची गुंतागुंत परळमध्ये उलगडायला घेतली. त्यांच्या संस्थेत तयार झालेला उंदरांचा एक वंश आजही संस्थेच्या नावानं, ‘आयसीआरसी’ म्हणून, शास्त्रीय वाङ्मयात ओळखला जातो. ही संस्था म्हणजे १९५२ साली उभं राहिलेलं इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटर.

पण मला त्यांचं दुसरं काम जास्त महत्त्वाचं वाटतं. शिष्यवृत्ती घेऊन त्या बाल्टिमोरला जॉन्स हॉपकिन्समध्ये जॉर्ज गे यांच्याकडे गेल्या. शरीराबाहेर, काचेच्या नळीत पेशी जगवण्यात गे यांचा हातखंडा होता. हेन्रिएटा लॅक्स या बाईच्या गाठीतल्या पेशी १९५१ साली त्यांनीच वाढवल्या, आणि त्या अजून जगभर वाढताहेत. परत आल्यावर रणदिवेबाईंनी परळमध्ये पेशीसंवर्धनाची प्रयोगशाळा उभी केली. भारतातली ती पहिली म्हणतात.

पेशी वाढवणाऱ्या प्रत्येकाला तेव्हा एक गोष्ट हातानं माहीत होती. मीठ, साखर, जीवनसत्त्वं सगळं मापून घातलं तरी पेशी नुसत्या बसून राहतात. थोडं रक्तद्रव घातलं, कोंबडीच्या गर्भाचा अर्क घातला, की त्या दुणावू लागतात. खत पोचलं आहे, पण कुणी दार मोडेपर्यंत पाणी आत येत नाही, असा तो प्रकार. रक्तद्रवातला पाणक्या कोण, हा प्रश्न प्रत्येक नळीच्या तळाशी पडून होता.

तो उचलला एका इटालियन बाईनं. रीटा लेव्ही-मॉन्टाल्चिनी तुरिनच्या ज्यू. मुसोलिनीच्या वंशकायद्यांनी १९३८ साली विद्यापीठाचे दरवाजे बंद केले, तेव्हा त्यांनी घरातल्या झोपायच्या खोलीत कोंबडीच्या अंड्यांवर प्रयोग सुरू ठेवले. युद्धानंतर त्या सेंट लुईसला गेल्या. तिथे उंदराच्या गाठीचा तुकडा कोंबडीच्या गर्भावर लावला, तर आसपासच्या मज्जातंतूंना झुडपासारखे फाटे फुटले. गाठ काहीतरी सोडत होती. हे नळीत पक्कं करायला पेशीसंवर्धन लागणार होतं आणि ती सोय रिओ दि जानेरोच्या एका मैत्रिणीकडे होती. १९५२ साली रीटाबाई गाठी असलेले उंदीर बरोबर घेऊन विमानात बसल्या. आज विमानतळावर त्यांना कुणी आत सोडलं नसतं.

पुढच्या वर्षी त्यांना जोडीदार मिळाला. ब्रुकलिनच्या एका शिंप्याचा मुलगा, रसायनशास्त्रज्ञ स्टॅन्ले कोहेन. गाठीतला पदार्थ प्रथिन आहे की न्यूक्लिइक आम्ल, हे ठरवायला कोहेननं त्यात सापाचं विष मिसळलं, कारण विषातलं एक विकर न्यूक्लिइक आम्ल तोडतं. परिणाम कमी होण्याऐवजी भलताच वाढला. त्या विषातच मज्जातंतू वाढवणारा पदार्थ गाठीपेक्षा कैक पटींनी जास्त होता. मग त्यानं सरळ हिशेब केला: सापाची विषग्रंथी ही मुळात लाळग्रंथी, तर उंदराच्या लाळग्रंथीत बघू. तिथेही भरपूर सापडला.

आणि आता एका पापणीची गोष्ट. लाळग्रंथीचा कच्चा अर्क नवजात पिल्लांना टोचला, तेव्हा कोहेनच्या लक्षात आलं की पिल्लांचे डोळे लवकर उघडताहेत. एरवी बारा-चौदा दिवस मिटलेल्या असणाऱ्या पापण्या सहा-सात दिवसांतच सुटत होत्या. दातही लवकर बाहेर येत होते. मज्जातंतूंच्या पदार्थाचं हे काम नव्हतं. त्या अर्कात आणखी कुणीतरी होतं. दुसऱ्या कुणी वहीत एक ओळ टाकून पान उलटलं असतं. कोहेन १९५९ साली नॅशव्हिलच्या व्हँडरबिल्ट विद्यापीठात गेला आणि जाताना ही पापणी बरोबर घेऊन गेला. १९६२ साली त्यानं तो पदार्थ वेगळा काढला. तो त्वचेच्या पेशींना वाढवत होता, म्हणून नाव पडलं एपिडर्मल ग्रोथ फॅक्टर, म्हणजे ईजीएफ. अवघ्या ५३ अमिनो आम्लांची माळ. पाणक्या सापडला होता.

दार शोधायला आणखी तेरा वर्षं गेली. १९७५ च्या सुमारास कोहेन आणि ग्रॅहम कार्पेंटर यांनी किरणोत्सारी खूण लावलेलं ईजीएफ पेशींवर सोडलं, तेव्हा ते ठरावीक जागी चिकटताना दिसलं, आणि थोड्या वेळानं दारासकट आत ओढलं जाताना. या कामात त्यांना एका पंच्याऐंशी वर्षांच्या बाईच्या गाठीतून निघालेल्या, ए-४३१ नावाच्या पेशी फार उपयोगी पडल्या. साध्या पेशीवर अशी दारं काही हजार, फार तर लाखभर. या पेशीवर वीस लाखांहून जास्त.

दार उघडल्यावर आत काय होतं, तेही याच सुमारास उमगलं, आणि त्यात एका कंटाळ्याचा वाटा आहे. कॅलिफोर्नियाच्या सॉल्क संस्थेत टोनी हंटर कॅन्सर घडवणाऱ्या एका विषाणूचं प्रथिन तपासत होता. प्रयोगाचा द्राव दर वेळी ताजा करायचा असतो. हा जुनाच वापरत राहिला. द्रावाची आम्लता सरकली आणि कागदावर एक नवाच ठिपका वेगळा दिसू लागला. फॉस्फेट चिकटलं होतं ते टायरोसिन या अमिनो आम्लावर, जिथे ते चिकटतं असं कुणाच्या मनात नव्हतं. हे १९७९ चं. पुढच्याच वर्षी कोहेनच्या प्रयोगशाळेनं दाखवलं की ईजीएफचं दारही आतल्या बाजूनं टायरोसिनवरच फॉस्फेट चिकटवतं. दोन दारं शेजारी येतात, एकमेकांच्या शेपटीवर फॉस्फेटचे टिळे लावतात, त्या टिळ्यांना आतली प्रथिनं येऊन बिलगतात, आणि निरोप एकाकडून दुसऱ्याकडे जात पेशीच्या केंद्रापर्यंत पोचतो. पाटातून चारीत, चारीतून सरीत. वाटेतल्या एका प्रथिनाचं नाव रास. तेही बिघडलं तर दार लावूनही पाणी थांबत नाही.

१९८४ साली सगळे धागे एकदम जुळले. लंडनमध्ये मायकेल वॉटरफिल्ड आणि ज्युलियन डाउनवर्ड यांनी ए-४३१ पेशींतून आणि माणसाच्या वारेतून ईजीएफचं दार शुद्ध काढलं, त्याच्या तुकड्यांतली अमिनो आम्लांची क्रमवारी वाचली आणि ती संगणकातल्या यादीशी ताडून पाहिली. ती जुळली कोंबड्यांना रक्ताचा कॅन्सर करणाऱ्या एका विषाणूच्या जनुकाशी. विषाणूनं कधीतरी कोंबडीच्या पेशीतून हे दार चोरलं होतं, आणि चोरताना त्याचा बाहेरचा भाग कापून टाकला होता. निरोप घ्यायचा भागच नाही, म्हणजे निरोपाची वाट बघायचंही कारण नाही. दार कायमचं उघडं. पेशीची नेहमीची वाढ आणि कॅन्सर हे एकाच यंत्राचे दोन हात आहेत, हे इथे उघडपणे दिसलं. कोहेन आणि रीटाबाईंना १९८६ चं नोबेल मिळालं.

मग कळलं की या दाराची भावंडंही आहेत. त्यातलं एक विचित्र. त्याला पाणक्याच लागत नाही. ते कायम शेजारच्या दाराचा हात धरायला तयार उभं असतं. त्याचं नाव हर-टू. लॉस एंजेलिसच्या डेनिस स्लेमन यांनी १९८७ साली १८९ स्तनगाठी तपासल्या. सुमारे तीस टक्के गाठींत या दाराच्या जनुकाच्या जादा प्रती होत्या, आणि त्या बायकांचा आजार जास्त वेगानं परतत होता. पण जादा दारं हे कारण की नुसती खूण? १९८८ साली हार्वर्डच्या फिलिप लेडर यांच्या प्रयोगशाळेनं उंदरांच्या स्तनात हेच जनुक जोरात चालू केलं, आणि उंदरांना कॅन्सर झाला. जनुक चालू करायला त्यांनी कळ कुठली वापरली? त्याच दुधातल्या विषाणूची, ज्याच्या मागे रणदिवेबाई परळमध्ये हयातभर होत्या. बाई तेव्हा सत्तरीला पोचल्या होत्या. निवृत्तीनंतरही त्या थांबल्या नाहीत, तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात आदिवासी मुलांच्या पोषणाच्या कामाला लागल्या होत्या. १९८२ साली पद्मभूषण मिळालेल्या या बाईंचं नाव आमच्या पाठ्यपुस्तकात नव्हतं. एडिसनवर मात्र धडा होता.

हर-टूवर बाहेरून खुटी मारणारं औषध, ट्रॅस्टुझुमॅब, सप्टेंबर १९९८ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. ईजीएफच्या दारासाठी सेटुक्सिमॅब आलं. आत शिरून बिजागरी अडवणाऱ्या गोळ्याही आल्या, गेफिटिनिब आणि एर्लोटिनिब. २००४ साली कळलं की फुप्फुसाच्या काही कॅन्सरमध्ये दाराची बिजागरीच मोडलेली असते. तिथे या गोळ्या जादू केल्यासारख्या चालतात.

आता परत आमच्याकडे. शिरोळ तालुक्यात कॅन्सरचा विषय निघाला की लोक पंचगंगेकडे बोट दाखवतात, नाहीतर फवारणीच्या पंपाकडे. नदी काळी पडते हे डोळ्यांना दिसतं, त्यावर आंदोलनं झाली आहेत, व्हायलाच हवीत. पण तोंडाच्या कॅन्सरपुरतं बोलायचं तर गुन्हेगार शोधायला नदीपर्यंत जावं लागत नाही. तो खिशात असतो. जयसिंगपूर ही तंबाखूच्या वखारींची पेठ, पलीकडे निपाणी. तळहातावर चुना लावून मळायची, थापटायची, बार भरायचा. बायकांची मिश्री वेगळी. २०१२ साली राज्यात गुटखाबंदी झाली, आणि पान टपऱ्यांवर त्यानं काय फरक पडला ते सगळ्यांना माहीत आहे. खानोलकरांनी ओठाच्या आत पाहिलेली गोष्ट आमच्याकडे गालात घडते.

तोंडाच्या कॅन्सरच्या बहुतेक गाठींवर ईजीएफची दारं वाजवीपेक्षा जास्त असतात. मग दार बंद करणारी औषधं इथे रामबाण ठरायला हवी होती. ठरली नाहीत. कारण इथे दारं संख्येनं वाढतात, बिजागरी क्वचितच मोडते. शिवाय एक दार अडवलं की पाणी दुसऱ्या सरीतून वाट काढतं. सेटुक्सिमॅबनं युरोपातल्या एका मोठ्या चाचणीत पसरलेल्या आजाराच्या रुग्णांचं सरासरी आयुष्य ७.४ महिन्यांवरून १०.१ महिन्यांवर नेलं. फायदा खरा. पण ते बिल ऊस विकून भागणारं नव्हतं.

इथे परळनं जे केलं ते मला या सगळ्या गोष्टीतलं सगळ्यात देशी काम वाटतं. निमोटुझुमॅब हे मूळ क्यूबाच्या शास्त्रज्ञांचं, त्याच दारावरचं औषध बायोकॉननं २००६ साली भारतात आणलं होतं. टाटा मेमोरियलच्या डॉ. कुमार प्रभाष, डॉ. विजय पाटील आणि सहकाऱ्यांनी ते किरणोपचार आणि सिस्प्लॅटिन यांच्या जोडीला देऊन ५३६ रुग्णांवर तपासलं. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत आजार जास्त काळ आटोक्यात राहिल्याचं दिसलं.

पण ज्यांची गाठ परत आली आहे, पसरली आहे, ज्यांना सलाइनसाठी पुन्हा पुन्हा मुंबईला येणं झेपत नाही, त्यांचं काय? त्यांच्यासाठी परळच्या डॉक्टरांनी घरी घेता येतील अशा स्वस्त गोळ्यांची मोट बांधली: मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदा, सेलेकॉक्सिब नावाची सांधेदुखीची गोळी रोज. २०२० साली ४२२ रुग्णांच्या चाचणीत या दोन गोळ्या शिरेतून दिल्या जाणाऱ्या सिस्प्लॅटिनपेक्षा सरस ठरल्या: ७.५ महिने विरुद्ध ६.१. आकडे लहान आहेत. ज्याच्या घरी पोरीचं लग्न ठरलंय त्याला विचारा. मग त्यात तिसरी गोळी आली, दार आतून अडवणारी एर्लोटिनिब. आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत या तिघांना निवोलुमॅबची जोड दिली, प्रतिकारशक्तीला मोकळं करणाऱ्या अतिमहाग औषधाची. मात्रा किती? दर तीन आठवड्यांनी २० मिलिग्रॅम. नेहमीच्या मात्रेच्या दशांशाहून कमी. १५१ रुग्ण होते. नुसत्या गोळ्यांवर वर्षभरानंतर १६.३ टक्के लोक जिवंत होते, जोड दिल्यावर ४३.४ टक्के. श्रीमंत देशात असला प्रयोग कोण करेल? औषध कमी खपावं म्हणून पैसे कोण देईल?

महालक्ष्मी एक्स्प्रेस रात्री निघते. कोल्हापूरकडून येणाऱ्या या गाडीत टाटाला जाणारी माणसं लगेच ओळखू येतात. प्लॅस्टिकच्या पिशवीत जाड फाइल, तोंडावर टॉवेल, बरोबर एक पुतण्या किंवा जावई. आमच्या गल्लीतले अण्णा असेच जायचे. आयुष्यभर लोकांच्या उसाला पाणी पाजलं, चाळीस वर्षं बार भरला. त्यांच्या रानाकडच्या पट्ट्यात आता बरीच जमीन खारवटली आहे. पाणी इतकं पाजलं की मीठ वर आलं, आणि आता शिरोळच्या दत्त साखर कारखान्याच्या पुढाकारानं जमिनीखाली सच्छिद्र पाइप घालून ते पाणी बाहेर काढायचं काम चाललंय.

परळच्या त्या तीन गोळ्या सुरू झाल्यावर दहाएक दिवसांत अण्णांच्या नाकावर, गालावर, छातीवर मुरमांसारखं पुरळ उठलं. घरच्यांना वाटलं उष्णता झाली. सब्जाचं पाणी झालं, कलिंगड झालं. मी त्यांना कोहेनच्या उंदरांची गोष्ट सांगितली. ईजीएफ मुळात कातडीचा, त्याची दारं कातडीवर सगळीकडे. गोळी गाठीतलं दार अडवते तशी तोंडावरचीही अडवते, म्हणून पुरळ. अण्णांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

“म्हंजे एकाच पाण्यावर दोघांची रानं हाईत म्हणा की.”

दोन-तीन महिन्यांनी त्यांच्या पापण्यांचे केस वाढू लागले. या गोळ्यांनी काही जणांना तसं होतं, लांब, वेडेवाकडे, डोळ्याला टोचणारे. डोळ्यांच्या डॉक्टरांनी ते कापून दिले. सुनेनं आरसा धरला. अण्णा बराच वेळ स्वतःच्या डोळ्यांकडे बघत बसले, मग म्हणाले, “त्या उंदरास्नी काय झालं म्हणाला व्हता?”

“डोळे लवकर उघडले.”

“आमचं उशिरा,” असं म्हणून त्यांनी आरसा परत दिला.